सातशेच्या पुढचा आवाज

ही गोष्ट खरी आहे. शपथ वगैरे घेणार नाही, कारण उठसूट शपथा घेणाऱ्यांवर माझा स्वतःचाच विश्वास नाही. पण ज्यांच्या बाबतीत ती घडली ते माझे सख्खे मामा आहेत, आणि मामांना गोष्टी रचता येत नाहीत. साधा विनोदसुद्धा त्यांना धड सांगता येत नाही. शेवट आधीच सांगून मोकळे होतात.

घडलं ते रात्री नाही. मार्च महिना, मंगळवार, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. लख्ख ऊन होतं.

जागा म्हणजे बेटाच्या पश्चिम काठावरचा फिरायचा रस्ता. सपाट, रुंद, एका बाजूला कमरेइतका कठडा आणि कठड्यापलीकडे समुद्र. तिथे पाणी एवढं उथळ की तळातले दगड मोजता येतात. ना चढ, ना उतार. गुडघेदुखीच्या माणसांना डॉक्टर तिथेच फिरायला पाठवतात. घाबरावं असं तिथे काही म्हणजे काही नाही.

मामा मोजणीच्या कामावर होते. एकतीस वर्षं एकच काम. एका काठीला चाक, मुठीजवळ आकडे दाखवणारी छोटी डबी. चाक ढकलत चालायचं, आणि रस्ता किती लांब ते कागदावर आणायचं. त्या वर्षी कार्यालयाने ठरवलं की या किनाऱ्यावर फिरणाऱ्यांसाठी दर शंभर मीटरला आकडा रंगवायचा. 'सोपी फेरी' असं नावही दिलं होतं. काम मामांकडे आलं.

हे काम दोघांचं असतं. पुढचा चाक ढकलतो आणि शंभर झाले की मोठ्याने आकडा सांगतो. मागचा तोच आकडा परत म्हणतो, मग कठड्यावर रंगाने लिहितो आणि धावत येऊन पुढच्याला गाठतो. मागून आकडा परत आल्याशिवाय पुढच्याने पाऊल टाकायचं नाही.

आणि पुढच्याने मागे बघायचं नाही.

यात काही गूढ नाही. मान वळली की हात वळतो, हात वळला की चाक तिरकं जातं आणि आकडा चुकतो. पुढचा दिव्याचा खांब नजरेत धरायचा आणि सरळ चालायचं. एकतीस वर्षांत हे मामांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की बाजारात कुणी मागून हाक मारली तरी ते आधी थांबायचे, मग सावकाश वळायचे.

त्यांच्या मागे त्या दिवशी होता त्यांचा जावई.

ताई म्हणजे मामांची एकुलती एक मुलगी, माझी मामेबहीण. तिचा नवरा पाट्या रंगवायचा. अक्षर असं की बघत राहावं. पण स्वभाव अखंड चेष्टेचा, आणि मामांना चेष्टेचं वावडं. लग्नाला त्यांनी नाक मुरडलं होतं, उघड उघड. म्हणून ताईनेच हट्टाने त्या दोघांना एकत्र मोजणीच्या कामावर पाठवलं. तेवढीच ओळख वाढेल, एवढंच तिच्या मनात होतं.

आणि खरं सांगायचं तर वाढलीही होती. आदल्या दोन आठवड्यांत त्यांनी बाजाराचे सगळे रस्ते मोजले होते. मामा आकडा सांगायचे, जावई परत म्हणायचा, दटावलं तरी मधूनच एखादी चेष्टा जोडून. दोघांत बोलणं काय ते एवढंच. पण रात्री जेवताना मामा आपणहून म्हणाले होते की पोरगा कामाला वाईट नाही. मामांच्या तोंडून हे म्हणजे फार झालं.

तर त्या मंगळवारी...

"शंभर," मामा म्हणाले.

"शंभर! शतक झालं, टाळ्या वाजवा," मागून आवाज आला.

दोनशेला तो म्हणाला की आकडा मोठा होतोय पण मामा बारीक होत चाललेत. तीनशेला त्याने आकड्याला चाल लावली. फिरायला आलेल्या बायका हसू लागल्या. चारशे, पाचशे, तेच. दर वेळी आधी चेष्टा, मग ब्रशची खसखस, मग धावत येणारे बूट आणि रंगाच्या डब्याच्या कडीचा टिंग टिंग आवाज. सहाशेला त्याने सासरेबुवांचा जयजयकार केला, तेव्हा मात्र मामांचं डोकं फिरलं.

मागे न बघताच ते म्हणाले, "जावईबापू, ही मोजणी आहे, तमाशा नाही. आकडा सरळ सांगायचा."

"बरं मामा. आता सरळ."

सातशेला आकडा खरोखरच सरळ आला. जरा हसू दाबून, पण सरळ.

तिथे किनारा वळतो. वळणावर कठड्याला खाली उतरणाऱ्या पाच पायऱ्या आहेत आणि त्यांच्यासमोर एक बाक. वळण संपलं की रस्ता पुन्हा सुतासारखा सरळ.

"आठशे."

"आठशे."

कोरडा, स्वच्छ आवाज. मामांना बरं वाटलं. सुधारला एकदाचा, असं त्यांच्या मनात आलं. हे त्यांनी मला पुढे स्वतः सांगितलं, आणि सांगताना आपल्याच कपाळावर हात मारून घेतला.

नऊशे. हजार. अकराशे. प्रत्येक आकडा परत आला, जसाच्या तसा.

बाराशेला त्यांच्या लक्षात आलं की डब्याची कडी वाजत नाहीये...

तेराशेला लक्षात आलं की धावण्याचा आवाजही नाही.

मग त्यांना वाटलं, रागावला असेल. डबा छातीशी धरून दबकत चालत असेल. आपण चारचौघींत बोललो ते लागलं असेल. संपलं की एकेक आइस्क्रीम घेऊ, म्हणजे विषय मिटेल. असं ठरवून ते चालत राहिले.

सतराशेच्या पुढे रस्त्यावर कुणीच नव्हतं. लाटांचाही आवाज येईना. वारा होता, खांबावरच्या पताका हलत होत्या, पण त्यांची फडफड ऐकू येत नव्हती. ऐकू येत होतं ते फक्त चाकाचं करकरणं.

"दोन हजार."

"दोन हजार."

आवाज अगदी कानामागून आला. इतक्या जवळून की मानेला श्वास लागायला हवा होता... लागला नाही.

 तरी मामांची मान वळली नाही. सवय, दुसरं काय.

रस्ता संपतो तिथे तिकिटाची बंद टपरी आहे. तिथे चाक टेकवून मामा म्हणाले, "दोन हजार चारशे अठरा. संपलं."

"दोन हजार चारशे अठरा. संपलं."

मामा हसले आणि वळले.

मागे कुणी नव्हतं.

सरळ रस्ता, अर्धा किलोमीटर नजर पोचेल असा. एक माणूस नाही. आधी त्यांना वाटलं चेष्टाच आहे, कठड्याआड लपला असेल. वाकून पाहिलं. खाली नुसतं संथ पाणी. मग ते आल्या वाटेने परत चालत निघाले. चोवीसशेचा आकडा कठड्यावर नव्हता. तेवीसशेचा नव्हता. बावीसशेचा नव्हता. दोन हजारापाशी मामा धावायला लागले, त्या वयात, त्या उन्हात.

वळणावर आकडा होता. ओल्या रंगातला सात, एक शून्य, आणि पुढे काहीच नाही. दुसरं शून्य काढलंच नव्हतं. खाली डबा व्यवस्थित झाकण लावून ठेवलेला, त्यावर ब्रश आडवा.

समोरच्या बाकावर एक म्हातारी बाई विणत बसली होती. तिने रंगाऱ्याला लिहायला वाकलेलं पाहिलं होतं. टाके मोजायला तिने मान खाली घातली, वर केली तेव्हा तो नव्हता. ओरडणं नाही, पाण्यात पडल्याचा आवाज नाही. काही नाही.

होड्या आल्या, पाणबुडे आले. पाणी घोट्याएवढं, शोधणार काय? पोलिसांनी मामांचा जबाब घेतला. जावई शेवटपर्यंत उत्तर देत होता, असं मामांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. हवालदाराने ते लिहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यावर काट मारली.

येणारा जाणारा प्रत्येक जण मामांना एकच विचारायचा. सतराशे मीटरमध्ये एकदा तरी मागे वळून का पाहिलं नाही?

ताईने मात्र काहीच विचारलं नाही. ती नऊ दिवस बोललीच नाही. लग्नानंतर ताई आणि जावई मामांकडेच राहत होते; मामी पूर्वीच गेलेल्या, त्यामुळे आता घरात ती आणि मामा. दोघं समोरासमोर बसायचे आणि ताटं तशीच उचलली जायची. मी दोन दिवस जाऊन राहिलो होतो. तिसऱ्या दिवशी मला ते घर सोसेना, निघून आलो.

बाराव्या दिवशी मामा एकटेच चाक घेऊन किनाऱ्यावर गेले. वेळ तीच. का गेलात, असं मी विचारलं तर म्हणाले, घरात बसवेना.

शंभरला उत्तर नाही. दोनशेला नाही. सातशेपर्यंत काही नाही. लोक बघत होते, म्हाताऱ्याला वेड लागलं म्हणून चुकचुकत होते. मामा वळण पार करून गेले.

"आठशे..."

"आठशे."

 मामा चालत राहिले, आकडे सांगत राहिले. टपरीपाशी पोचले तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"जावईबापू, कुठे आहात?" त्यांनी विचारलं.

उत्तर नाही. ते वळले. रस्ता रिकामा होता.

हे त्यांनी ताईला सांगायला नको होतं. पण सांगितल्याशिवाय राहवतं का? ज्याची बायको रोज दाराकडे डोळे लावून बसलीय त्याचा आवाज आपण ऐकला, हे पोटात कसं ठेवणार.

दुसऱ्या दिवशी ताई त्यांच्या बरोबर गेली. बाजूने, खांद्याला खांदा लावून. आठशेला आवाज आला आणि तिने तोंडावर हात दाबला. नवऱ्याचाच आवाज. हजाराला, बाराशेला, पंधराशेला, तोच. ताई न रडता चालत होती. टपरी आली तसा तिने मामांचा दंड घट्ट धरला आणि बारा दिवसांत पहिल्यांदा नीट बोलली.

"बाबा, त्या दिवशी तुम्ही मागे का पाहिलंत?"

मामा थिजले. सगळ्या गावाने उलटंच विचारलं होतं.

"तो येत होता ना तुमच्या मागून. तुम्ही वळला नसतात तर घरापर्यंत आला असता." ती हे रागाने म्हणाली नाही. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं, असं मामा म्हणतात.

मग ताईनेच ठरवलं. टपरीपाशी थांबायचं नाही. वळायचं नाही. चाक पुढे न्यायचं, फाटकातून बाहेर, रस्त्याला लागायचं आणि आकडे सांगत सांगत त्याला घरी आणायचं. घर तिथून तीन किलोमीटर.

ऐकायला वेडगळ वाटतं ना? तुमच्या घरातला माणूस गेलेला नाही, म्हणून वाटतं.

तिसऱ्या दिवशी निघाले. टपरी गेली. फाटक गेलं.

"दोन हजार पाचशे."

"दोन हजार पाचशे."

ताईने मामांचा हात असा आवळला की वळ उठले. तो बाहेर आला होता.

इस्त्रीचं दुकान, न्हाव्याचं दुकान, शाळेची भिंत. संध्याकाळची वर्दळ. मागून सायकलच्या घंट्या वाजत होत्या, ओळखीचे लोक हाका मारत होते, कुणाची तरी पिशवी फाटून डबे रस्त्यावर खणखणले. दोघांनी माना वळवल्या नाहीत. चार हजार झाले. पाच हजार झाले. ताई आता पुटपुटत होती, घरात काय काय तसंच ठेवलंय ते त्याला सांगत होती. तुझा निळा शर्ट धुतलाय. खिडकीजवळची उशी हलवलेली नाही.

मामा मात्र वेगळंच मोजत होते.

आठशेपासून इथवर चाळीसच्या वर आकडे झाले होते. सगळे सरळ. एकदाही चाल नाही, एकदाही टोमणा नाही. सासऱ्याने दटावलं तर शंभर मीटर, फार तर दोनशे मीटर गप्प बसेल असा तो मुलगा. साडेचार किलोमीटर? आणि बायको बाजूने बोलतेय, तिला एक शब्द नाही?

गल्लीच्या तोंडाशी "पाच हजार चारशे" झाले. उत्तर आलं. पुढचे शंभर कुठे भरतात ते मामांना चाक न चालवताही कळत होतं. बरोबर उंबऱ्याच्या आत.

गल्लीत एरवी पोरं खेळतात, कुठेतरी टीव्ही चालू असतो. त्या वेळी काहीच ऐकू येत नव्हतं...

दार दहा पावलांवर आलं. मामांनी चाक जमिनीवरून उचललं.

"बाबा, चला ना," ताई म्हणाली.

"हा आपला नाही गं."

"बाबा, आकडा म्हणा. पाया पडते तुमच्या."

मामा हलले नाहीत. ओठ आवळून उभे राहिले. ताईने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि स्वतःच ओरडली, "पाच हजार पाचशे."



मग मागून उत्तर आलं. "पाच हजार पाचशे."

नवऱ्याच्या आवाजात नाही.

ताईच्या आवाजात. तीच ओढ, तोच रडका कंप, अगदी तसाच.

ताई किंचाळून वळली. गल्ली रिकामी होती.

त्यानंतर ती दोघं किनाऱ्याकडे फिरकली नाहीत. मामांनी नोकरी सोडली. राहिलेले आकडे दुसऱ्या कुणी तरी रंगवले, लोक तिथे रोज फिरतात, कुणाला काही होत नाही. ताई एका शिवणाच्या दुकानात कामाला जाते. जावयाचा पत्ता आजतागायत लागलेला नाही.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो. न कळवता. संध्याकाळचे साडेपाच झाले होते. गल्लीत शिरलो तर पुढे वीस पावलांवर दोघं भाजीच्या पिशव्या घेऊन चालली होती. मी हाक मारली, "मामा!"

दोघं जागच्या जागी थांबली.

वळली नाहीत. पुढेही गेली नाहीत. मला वाटलं ऐकू आलं नसेल, पण मग थांबली कशाला? मी भराभर चालत पुढे गेलो आणि त्यांच्या समोर उभा राहिलो. ताईने पिशवी खाली ठेवली आणि माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपून पाहिला. कपाळ, गाल, हनुवटी. तिची बोटं गार पडली होती.

मामांनी विचारलं, "किती वेळा हाक मारलीस?"

"एकदाच. का?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मामांनी माझ्या हातात पिशवी दिली आणि मला पुढे चालायला सांगितलं.

चहा झाला, कप समोर आले. मग ताईनेच सांगितलं. बाजारातून निघाल्यापासून माझा आवाज त्यांना ऐकू येत होता. सहा वेळा. सातवी मी मारली. गेले काही महिने हे असंच चाललं आहे. कधी शेजारणीचा आवाज, कधी मामांचाच, मामा समोर बसलेले असताना. आपणच त्याला गल्लीपर्यंत आणलं, असं मामा म्हणतात.

"आणि त्याचा?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"त्याचाही येतो," ताई म्हणाली. "हसरासुद्धा येतो आता. चाल लावून."

तिने कप बाजूला सारला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "उद्या तो खरंच परत आला ना, आणि त्याने मागून हाक मारली, तरी आम्ही वळणार नाही."